एका एकोणचाळीस-अंकी मूळ संख्येची कहाणी

(राष्ट्रीय गणित दिनानिमित्त एका ग्रामीण वाचनालयात शिक्षक, ग्रामस्थ व शासकीय कर्मचारी यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



२२ डिसेंबर हा श्रीनिवास रामानुजन यांचा जन्मदिवस. १८८७ साली जन्मलेल्या या थोर गणितज्ञाच्या स्मरणार्थ २०१२ सालापासून हा दिवस राष्ट्रीय गणित दिन म्हणून साजरा करण्यात येतो. अशा दिवशी गणिताची थोरवी गाणारी भाषणे होतात, हार-तुरे होतात आणि दुसऱ्या दिवसापासून गणित पुन्हा परीक्षेपुरते उरते. हा प्रघात थोडा बाजूला ठेवून आजच्या व्याख्यानासाठी एकच संख्या निवडली आहे. ती कोठून आली, तिच्याविषयी काय दावा करण्यात आला, तो दावा कोणी तपासला आणि तिच्यात कोणकोणते गुण दडलेले आहेत, एवढेच पाहावयाचे आहे. यासाठी बेरीज, गुणाकार आणि भागाकार यांपलीकडचे ज्ञान लागणार नाही.

ती संख्या अशी :

१७० १४१ १८३ ४६० ४६९ २३१ ७३१ ६८७ ३०३ ७१५ ८८४ १०५ ७२७

हिच्यात ३९ अंक आहेत. वाचनाच्या सोयीसाठी ते तीन-तीनांच्या गटांत मांडले आहेत. भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त एकं, दहं, शतं येथपासून परार्धापर्यंत १८ स्थानांची नावे दिली आहेत. परार्ध म्हणजे १ वर १७ शून्ये. ही संख्या त्या परार्धाच्याही कितीतरी पुढे गेलेली आहे, म्हणजे तिला उच्चारावयाचे झाल्यास आपल्या पूर्वसूरींनी दिलेली नावेही अपुरी पडतात. तथापि एवढी लांबलचक संख्या एका ओळीत सांगता येते. २ ला २ ने गुणत जावे, असे १२७ दोन घेऊन गुणाकार करावा आणि त्यातून १ वजा करावा. गणिताच्या भाषेत, २ चा १२७ वा घात वजा १.

मूळ संख्या म्हणजे काय?

ज्या संख्येला १ आणि ती स्वतः यांखेरीज दुसऱ्या कोणत्याही संख्येने निःशेष भाग जात नाही, ती मूळ संख्या. २, ३, ५, ७, ११, १३ या मूळ संख्या होत. १२ ला २, ३, ४ व ६ यांनी भाग जातो, म्हणून १२ ही संयुक्त संख्या. प्रत्येक संयुक्त संख्या मूळ संख्यांच्या गुणाकारातून घडते आणि ती एकाच रीतीने घडते. १२ म्हणजे २, २ आणि ३ यांचा गुणाकार. दुसऱ्या कोणत्याही मूळ संख्या घेऊन १२ बनविता येत नाहीत. घराच्या भिंतीत जे स्थान चिऱ्यांचे, तेच संख्यांच्या जगात मूळ संख्यांचे.

मूळ संख्यांना अंत नाही, हे युक्लिडाने २३०० वर्षांपूर्वी सिद्ध केले. तेव्हा ३९ अंकी मूळ संख्या असणे यात नवल नाही. या आकाराच्या संख्यांमध्ये साधारणपणे ८८ संख्यांमागे १ मूळ संख्या आढळते. म्हणजे अशा मूळ संख्या अगणित आहेत. नवल आहे ते दुसरेच. समोर ठेवलेली एक विशिष्ट संख्या मूळच आहे, असे खात्रीने कसे सांगावयाचे?

लहान संख्येचे काम सोपे असते. शेवटचा अंक ७ असल्याने आपल्या संख्येला २ ने किंवा ५ ने भाग जात नाही. सर्व अंकांची बेरीज १५४ येते. तिला ३ ने भाग जात नाही, म्हणून संख्येलाही जात नाही. एवढे शाळेतील मूल सांगू शकेल. पण पुढे ७, ११, १३ असे किती भागाकार करावयाचे? नियम असा की संख्येच्या वर्गमुळापर्यंतचे सर्व मूळ विभाजक तपासले म्हणजे पुरे. आपल्या संख्येचे वर्गमूळच २० अंकी आहे. हे काम किती मोठे आहे, ते पुढे दिसेलच.

बुद्धिबळाचा पट आणि धान्याचे दाणे

बुद्धिबळाचा शोध लावणाऱ्याने राजाकडे मागितलेल्या बक्षिसाची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. पहिल्या घरात १ दाणा, दुसऱ्यात २, तिसऱ्यात ४, असे प्रत्येक घरात दुप्पट. ६४ घरांचे मिळून दाणे होतात १८ ४४६ ७४४ ०७३ ७०९ ५५१ ६१५. राजाचे कोठार रिते झाले, असे गोष्टीत सांगतात.

या गोष्टीत मूळ संख्यांचा विषय दडलेला आहे, तो मात्र सहसा सांगितला जात नाही. पहिल्या २ घरांतील दाणे मिळून ३, पहिल्या ३ घरांतील ७, पहिल्या ५ घरांतील ३१, पहिल्या ७ घरांतील १२७. या सर्व मूळ संख्या आहेत. उलट ४ घरांतील दाणे १५ आणि ६ घरांतील ६३. या संयुक्त आहेत. संपूर्ण पटावरील बेरजेचा शेवटचा अंक ५ आहे, म्हणजे तिला ५ ने भाग जातो हे पाहताक्षणी कळते.

यामागे एक कारण आहे. संगणकाला परिचित असलेल्या द्विमान पद्धतीत केवळ ० आणि १ हे दोनच अंक असतात. त्या पद्धतीत या सर्व संख्या म्हणजे नुसत्या एकांच्या रांगा होत. ३ म्हणजे ११, ७ म्हणजे १११, ६३ म्हणजे १११११११ नव्हे, तर बरोबर सहा एक, १११११११ म्हणजे सात एक ते १२७. आता सहा जणांची रांग तीन-तीनांच्या दोन गटांत विभागता येते. म्हणूनच सहा एकांची संख्या तीन एकांच्या संख्येने निःशेष भागली जाते. ६३ ला ७ ने भाग जातो. रांगेची लांबी अशी समान गटांत विभागता आली की संख्या फुटलीच. ती फुटू नये असे वाटत असेल तर रांगेची लांबी स्वतः मूळ संख्या असली पाहिजे.

परंतु एवढ्याने भागत नाही. ११ ही मूळ संख्या आहे. ११ एकांची रांग म्हणजे २०४७. आणि २०४७ म्हणजे २३ गुणिले ८९. अट आवश्यक आहे, पण पुरेशी नाही. गणितात हा भेद फार महत्त्वाचा मानतात, आणि तो व्यवहारातही मानला गेला तर पुष्कळ वाद टळतील.

दोन पट शेजारी-शेजारी मांडले तर १२८ घरे होतात. शेवटचे एक घर रिकामे ठेवून उरलेल्या १२७ घरांत याच रीतीने दाणे ठेवले, तर त्यांची एकूण संख्या म्हणजेच आजची ३९ अंकी संख्या.

एका विद्वानाची यादी

अशा रूपाच्या संख्यांना मारँ मेर्सेन या फ्रेंच धर्मोपदेशकाचे नाव मिळाले आहे. मेर्सेन १५८८ ते १६४८ या काळात होऊन गेले. युरोपातील अनेक विद्वानांशी त्यांचा पत्रव्यवहार होता. १६४४ साली त्यांनी आपल्या ग्रंथात एक यादी दिली. २५७ पर्यंतच्या घातांकांपैकी २, ३, ५, ७, १३, १७, १९, ३१, ६७, १२७ आणि २५७ या अकरा घातांकांसाठीच अशी संख्या मूळ असते, असा त्यांचा दावा होता.

मेर्सेन यांनी या दाव्याची सिद्धता दिली नाही. त्या काळी एवढ्या मोठ्या संख्या तपासण्याचे साधनही कोणापाशी नव्हते. नाव मोठे असल्याने यादी चालत राहिली. १७७२ साली थोर गणितज्ञ ऑयलर यांनी ३१ या घातांकाची संख्या मूळ असल्याचे सिद्ध केले. पुढे एक शतकभर त्यापलीकडे कोणी फारसे जाऊ शकले नाही.

अखेर तपासणी झाली तेव्हा काय आढळले? १८८३ साली रशियातील पेर्वुशिन या धर्मोपदेशकाने ६१ या घातांकाची संख्या मूळ असल्याचे दाखवून दिले. ती मेर्सेनच्या यादीत नव्हती. ८९ हा घातांक १९११ साली आणि १०७ हा १९१४ साली सापडला. तेही यादीतून सुटलेले होते. उलट यादीतील ६७ आणि २५७ हे दोन घातांक चुकीचे ठरले. २५७ पर्यंतची संपूर्ण तपासणी १९४७ साली पुरी झाली. म्हणजे एका थोर माणसाने लिहिलेल्या एका वाक्यातील पाच चुका निघण्यास ३०३ वर्षे लागली.

यात मेर्सेन यांची अवहेलना नाही. त्यांनी प्रश्न मांडला, म्हणून पुढच्यांनी उत्तर शोधले. परंतु उताऱ्यावर नाव चढले म्हणजे जमिनीचा हक्क आपोआप सिद्ध होत नाही. मूळ दस्तऐवज पाहावे लागतात. गणितातील यादीलाही हाच न्याय लागू पडतो.

शिक्षकाची कसोटी

यादीतील १२७ हा घातांक मात्र बरोबर निघाला, आणि ते सिद्ध करण्याचा मान एका शिक्षकाकडे जातो. त्यांचे नाव एद्वार ल्यूका. १८४२ साली फ्रान्समधील आम्याँ येथे त्यांचा जन्म झाला. प्रथम त्यांनी पॅरिसच्या वेधशाळेत काम केले. १८७० च्या फ्रान्स-प्रशिया युद्धात ते तोफखान्यात अधिकारी होते. युद्ध संपल्यावर ते माध्यमिक विद्यालयात गणित शिकवू लागले आणि अखेरपर्यंत शिक्षकच राहिले. तीन खुंट्यांवरून चकत्या हलविण्याचा ‘हॅनोईचा मनोरा’ हा खेळ अनेक शाळांत मुलांना दाखविला जातो. त्याचे जनकही तेच. १८९१ साली वयाच्या ४९ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

१८७६ साली ल्यूका यांनी ही ३९ अंकी संख्या मूळ असल्याचे जाहीर केले. कोणत्या मार्गाने? एकेक विभाजक घेऊन भागाकार करीत बसण्याचा मार्ग बंद होता. या संख्येला विभाजक असलाच, तर त्याला २५४ ने भागल्यावर १ उरला पाहिजे, असा एक नियम आहे. २०४७ चे विभाजक २३ व ८९ यांना २२ ने भागून पाहावे. दोन्ही वेळा १ उरतो. या नियमामुळे काम पुष्कळ घटते. तरीसुद्धा दर सेकंदास एक भागाकार रात्रंदिवस केला, तरी सर्व विभाजक तपासण्यास दीडशे कोटी वर्षांहून अधिक काळ लागेल.

सराफ सोन्याचा दागिना वितळवून पाहत नाही. तो कसोटीच्या दगडावर एक रेघ ओढतो आणि कस सांगतो. ल्यूका यांनी संख्येसाठी असाच एक दगड शोधून काढला. १९३० साली अमेरिकेतील गणितज्ञ लेमर यांनी तिला अधिक सोपे व पूर्ण रूप दिले, म्हणून आज ती ल्यूका-लेमर कसोटी म्हणून ओळखली जाते. तिची रीत अशी आहे.

४ या संख्येपासून आरंभ करावा. तिचा वर्ग करून त्यातून २ वजा करावे. उत्तराला तपासावयाच्या संख्येने भागून बाकी घ्यावी. त्या बाकीचा पुन्हा वर्ग करावा, २ वजा करावे, बाकी घ्यावी. घातांकापेक्षा २ ने कमी इतक्या पायऱ्या कराव्यात. शेवटी बाकी शून्य आली तर संख्या मूळ. न आली तर संयुक्त.

३१ चे उदाहरण घेऊ. घातांक ५, म्हणून ३ पायऱ्या. ४ चा वर्ग १६, वजा २ म्हणजे १४. १४ चा वर्ग १९६, वजा २ म्हणजे १९४. ३१ ने भागून बाकी ८. ८ चा वर्ग ६४, वजा २ म्हणजे ६२. ३१ ने भागून बाकी शून्य. म्हणून ३१ मूळ. १२७ ही संख्या घेतली तर घातांक ७, म्हणून ५ पायऱ्या. क्रमाने १४, ६७, ४२, १११ आणि शेवटी शून्य. १११ चा वर्ग वजा २ म्हणजे १२३१९, आणि ते बरोबर १२७ गुणिले ९७ भरतात. हीच रीत २०४७ ला लावली तर नवव्या पायरीवर १७३६ उरतात, शून्य उरत नाही. २०४७ संयुक्त आहे हे कळले, आणि तेही २३ किंवा ८९ यांचे नाव न घेता!

आपल्या ३९ अंकी संख्येसाठी अशा १२५ पायऱ्या लागतात. प्रत्येक पायरीत ३९ अंकी संख्येचा वर्ग आणि त्याचा भागाकार. हाताने करणाऱ्यास एका पायरीला एक दिवस लागला असे धरले, तरी सव्वाशे दिवसांत काम संपते. दीडशे कोटी वर्षे एका बाजूला आणि सव्वाशे दिवस दुसऱ्या बाजूला. चांगली रीत सापडणे म्हणजे काय, हे याहून स्पष्टपणे सांगता येणार नाही.

या कामी संख्येचे रूपही मदतीस येते. एखाद्या संख्येला ९ ने भागून उरणारी बाकी काढण्यासाठी भागाकार करावा लागत नाही, अंकांची बेरीज पुरते, हे जुन्या पंतोजींना ठाऊक होते. ९ ही संख्या १० पेक्षा १ ने लहान असल्यामुळे ही सोय होते. आपली संख्या २ च्या १२७ व्या घातापेक्षा १ ने लहान आहे. म्हणून द्विमान पद्धतीत कितीही मोठ्या संख्येचे १२७-१२७ अंकांचे तुकडे पाडावेत आणि त्यांची बेरीज करावी. बाकी हाती येते. ल्यूका यांनी हे गणित पटावर सोंगट्या मांडून करण्याची युक्ती योजली होती. सोंगटी असलेले घर म्हणजे १, रिकामे घर म्हणजे ०. ओळीच्या टोकाबाहेर जाणारी सोंगटी पहिल्या घरात परत आणावयाची, की भागाकार आपोआप झाला.

संख्येचे आणखी दोन गुण

पहिला गुण परिपूर्णतेचा. ६ चे स्वतःखेरीज इतर विभाजक १, २ व ३. त्यांची बेरीज ६. २८ चे विभाजक १, २, ४, ७ व १४. त्यांची बेरीज २८. अशा संख्यांना परिपूर्ण संख्या म्हणतात. पुढच्या परिपूर्ण संख्या ४९६ आणि ८१२८. मेर्सेन रूपाची प्रत्येक मूळ संख्या एक परिपूर्ण संख्या देते, हे युक्लिडाने दाखविले होते. २८ मध्ये पाहावे : १, २ आणि ४ मिळून ७ होतात, ७ आणि १४ मिळून ७ ची तिप्पट, सर्व मिळून ७ ची चौपट, म्हणजे २८. आपल्या संख्येला २ च्या १२६ व्या घाताने गुणले तर हाच हिशेब तंतोतंत जुळतो आणि ७७ अंकी परिपूर्ण संख्या मिळते. विषम परिपूर्ण संख्या मात्र आजवर एकही सापडलेली नाही, आणि ती नसतेच असेही कोणी सिद्ध केलेले नाही.

दुसरा गुण वंशावळीचा. २ चा २ रा घात वजा १ म्हणजे ३. २ चा ३ रा घात वजा १ म्हणजे ७. २ चा ७ वा घात वजा १ म्हणजे १२७. आणि २ चा १२७ वा घात वजा १ म्हणजे आपली संख्या. पणजोबापासून पणतूपर्यंत सारे मूळ! मग पुढची पिढी? आपल्या संख्येलाच घातांक करून २ चा तितकावा घात घ्यावा आणि १ वजा करावा. ती संख्या मूळ आहे काय, हे आजही अज्ञात आहे. तिच्यात किती अंक असतील हे सांगणारी संख्याच ३८ अंकी आहे. ती कागदावर लिहून काढणे पृथ्वीवरील सर्व संगणकांच्याही आवाक्याबाहेरचे आहे.

पंचाहत्तर वर्षांचा मान

१८७६ पासून १९५१ पर्यंत, म्हणजे ७५ वर्षे, ज्ञात असलेल्या मूळ संख्यांत ही सर्वांत मोठी होती. यंत्राच्या साहाय्यावाचून सिद्ध झालेली सर्वांत मोठी मूळ संख्या हा तिचा मान आजही अबाधित आहे. १९५१ साली फेरिए यांनी हिशेबाच्या यंत्रावर ४४ अंकी मूळ संख्या सिद्ध केली. त्याच वर्षी केंब्रिज येथील एडसॅक या संगणकावर मिलर आणि व्हीलर यांनी ७९ अंकी मूळ संख्या शोधली. ती कशी घडविली होती? ल्यूका यांच्या संख्येचा वर्ग, त्याची १८० पट, अधिक १. म्हणजे नव्या युगाने आपली पायरी जुन्या चिऱ्यावरच रचली.

३० जानेवारी १९५२ रोजी अमेरिकेतील स्वॅक या संगणकावर रॉबिन्सन यांच्या आज्ञावलीने ५२१ व ६०७ हे दोन घातांक एकाच दिवशी शोधून काढले. त्यानंतर विक्रम सतत मोडत गेले. ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झालेल्या मेर्सेन मूळ संख्येचा घातांक १३ कोटी ६२ लाख ७९ हजार ८४१ असून तिच्यात ४ कोटी १० लाख २४ हजार ३२० अंक आहेत. ती अशा प्रकारची ज्ञात झालेली ५२ वी संख्या. यंत्रे बदलली, वेग बदलला. परंतु तिच्यावर अखेरचे शिक्कामोर्तब झाले ते ल्यूका-लेमर कसोटीनेच.

ही कसोटी मेर्सेन रूपाच्या संख्यांपुरतीच आहे. कोणतीही संख्या मूळ आहे की नाही, हे खात्रीने आणि मर्यादित श्रमात ठरविण्याची सर्वसाधारण रीत २००२ साली भारतात सापडली. कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील प्राध्यापक मणिन्द्र अग्रवाल आणि त्यांचे तरुण विद्यार्थी नीरज कयाल व नितीन सक्सेना यांचे हे कार्य जगभर वाखाणले गेले. २००६ साली त्यास गोडेल पारितोषिक मिळाले.

याचा उपयोग काय?

येथे ग्रामस्थांचा रास्त प्रश्न येतो की या साऱ्याचा उपयोग काय?

त्याचे उत्तर ६७ या चुकलेल्या घातांकात मिळते. ती संख्या संयुक्त आहे, हे ल्यूका यांनी १८७६ सालीच दाखविले होते. पण तिचे अवयव कोणते, हे त्यांच्या कसोटीतून कळत नव्हते. १९०३ साली अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या सभेत कोल नावाचे प्राध्यापक फळ्यापाशी गेले. एका बाजूस त्यांनी २ चा ६७ वा घात वजा १ काढला. दुसऱ्या बाजूस १९३७०७७२१ आणि ७६१८३८२५७२८७ यांचा गुणाकार केला. दोन्ही उत्तरे एक आली. कोल एक शब्दही न बोलता जागेवर जाऊन बसले आणि सभागृहाने टाळ्यांचा कडकडाट केला, असे सांगतात. हे अवयव शोधण्यास तीन वर्षांचे रविवार लागले, असे पुढे त्यांनी सांगितल्याचीही आख्यायिका आहे.

गुणाकार करून पाहण्यास घटकाभर आणि अवयव शोधण्यास तीन वर्षे! या अंतरावरच आजची एक मोठी व्यवस्था उभी आहे. १९७७ साली रिव्हेस्ट, शमीर आणि ॲडलमन यांनी गुप्त संदेशाची एक पद्धत मांडली. दोन प्रचंड मूळ संख्यांचा गुणाकार सर्वांना दाखवावयाचा आणि त्या दोन संख्या गुप्त ठेवावयाच्या. कुलूप सर्वांसमोर, किल्ली मालकापाशी. बँकांची संकेतस्थळे, शासकीय कागदपत्रांवरील अंकीय स्वाक्षऱ्या यांच्यामागे अशा स्वरूपाचे गणित काम करीत असते. आजची ३९ अंकी संख्या सर्वज्ञात असल्यामुळे ती गुप्त किल्ली म्हणून निरुपयोगी आहे. परंतु तिच्याने भागून बाकी काढणे सोपे असल्यामुळे गुप्तलेखनातील हिशेबाची चौकट म्हणून ती उपयोगी पडते. २०१५ साली मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी मांडलेली फोर-क्यू ही पद्धत याच संख्येवर आधारलेली आहे. ल्यूका यांच्या वेळी यातील काहीही नव्हते. त्यांना जाणून घ्यावयाचे होते ते एवढेच की मेर्सेन यांचे म्हणणे खरे की खोटे.

समारोप

या कहाणीतील माणसांकडे एकवार पाहावे. दोन धर्मोपदेशक, एक माध्यमिक शिक्षक, रविवारी गणित करणारा एक प्राध्यापक. महाराष्ट्रात देवळालीच्या शाळेत शिकविणारे दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर याच परंपरेतले. १९०५ साली डहाणू येथे जन्मलेल्या कापरेकरांनी ६१७४ या चार अंकी संख्येचा चमत्कार शोधून काढला आणि आज ती संख्या जगभर त्यांच्याच नावाने ओळखली जाते. साधने थोडी आणि चिकाटी मोठी, हे या सर्वांचे साम्य.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. मेर्सेन यांचे नाव मोठे होते म्हणून यादी खरी ठरली नाही, आणि ल्यूका शाळेत शिकवीत होते म्हणून त्यांची सिद्धता खोटी ठरली नाही. ज्याला शंका असेल त्याने १२५ पायऱ्या करून पाहाव्यात, शेवटी शून्यच येईल. पॅरिसमध्ये येईल, कानपुरात येईल आणि या वाचनालयातही येईल. ऐकीव गोष्टी क्षणार्धात गावोगाव पोहोचण्याच्या आजच्या काळात, कोणी सांगितले यापेक्षा कसे तपासता येईल हे विचारण्याची सवय ज्या गावाला लागेल, ते गाव सहजासहजी फसणार नाही.

शिक्षक बंधु-भगिनींना एक विनंती. उद्या वर्गात ३१ आणि १२७ यांची कसोटी फळ्यावर करून दाखवावी आणि २०४७ ची मुलांकडून करून घ्यावी. शेवटी १७३६ आले नाहीत तर मुलांना चूक शोधू द्यावी, उत्तर सांगू नये. चूक स्वतः शोधून काढणाऱ्या मुलाला त्या दिवशी गणित म्हणजे काय, ते कळलेले असेल.